न पडणारा लॅपटॉप

मुलगा पाहायचा असेल तर त्याला तहान लागल्यावर पाहावा, असं बाई म्हणायच्या. आणि नुसतं म्हणून थांबायच्या नाहीत. एखादं स्थळ सुचलं की भर दुपारी, न कळवता, मुलाच्या घरी जाऊन बसायच्या आणि त्याला तहान लागायची वाट पाहायच्या. तो बसल्या जागेवरून आईला हाक मारतो, बहिणीवर डाफरतो की मुकाट्यानं उठून माठाकडे जातो, एवढंच त्यांना बघायचं असे. एकदा ऐन थंडीत एका घरी त्या दोन-अडीच तास बसल्या, कारण मुलाला काही केल्या तहानच लागेना. शेवटी त्यांनी पिशवीतून तिखट चिवडा काढला आणि त्याला आग्रह करकरून खाऊ घातला. मी सोबत होतो. मुलानं आईला हाक मारली. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि आम्ही उठलो.

बाई कळंबला मी शिकवतो त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, बाईंनी लग्नं जमवायला घेतली. कळंबपासून वणीपर्यंतच्या बौद्ध घरांमध्ये त्यांची ये-जा असे. कोणाकडून काही घेत नसत. चहासुद्धा बिनसाखरेचा, आणि तोही बशीत. माझंही लग्न त्यांनीच जमवलेलं. त्यामुळे त्यांनी 'चाल' म्हटलं की मी चपला सरकवायचो, मग रविवार असो की दिवाळीची सुट्टी. बायको एरवी सुट्टीच्या दिवशी मला उंबरा ओलांडू देत नसे, पण बाईंचं नाव काढलं की स्वतः पिशवीत डबा भरून द्यायची. हे मला तेव्हाही चमत्कारिक वाटायचं.

बाईंचा लॅपटॉप हे एक वेगळंच प्रकरण होतं. काळा, जाडजूड, पाट्यावरवंट्याच्या घराण्यातला. त्याला जुन्या गोधडीची शिवलेली पिशवी होती. एंटरचं बटण तुटलं होतं, तिथं बाईंनी शर्टाची गुंडी चिकटवली होती. वायर लावल्याशिवाय तो चालत नसे. आणि एकदा बसच्या वरच्या फळीवरून पडल्यापासून त्याची बिजागरी मेली होती. झाकण उघडलं की कोणीतरी ते हातानं धरून ठेवावं लागे. सोडलं की फटकन पडे, आणि पडलं की लॅपटॉप झोपी जाई. मग त्याला उठवायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची आराधना. तोवर चहा होई, कापसाच्या भावाची चर्चा होई, आणि मघाशी कोणाचा फोटो चालू होता ते बाईंसकट सगळे विसरून पुढच्या मुलाकडे वळत.

मुलीच्या घरी बाई खुर्चीवर बसत नसत. खाली चटई टाकायला लावायच्या, मुलीला शेजारी बसवायच्या, लॅपटॉप तिच्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "धर माय, झाकण तू धर. सोडलं का पडते बरं." बाप-काका-मामा मागून वाकून पाहायचे. झाकण मुलीनंच धरायचं, हा नियम. मी एकदोनदा मदतीला हात पुढे केला तर बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली होती. बिजागरी दुरुस्त करून आणतो म्हणालो तेव्हा तर दोन दिवस बोलल्या नाहीत. माणसाचा जुन्या वस्तूवर जीव असतो, म्हणून मी ते सोडून दिलं.

फायलींना त्या मुलांची नावं देत नसत. नाव-आडनाव वाचून लोक पुढचं वाचतच नाहीत, असं त्यांचं मत होतं. 'आईचं ऐकतो पण बायकोचंही ऐकेल', 'उंच आहे, बाकी पाहू', 'हसतो उगाच', 'स्वतः पाणी घेतो' अशी फायलींची नावं. पुढे हा सगळा कारभार नव्या लॅपटॉपवर उतरवताना मला एका जुन्या फायलीत माझाच फोटो सापडला. फायलीचं नाव होतं 'चालेल'. मी ते कोणाला सांगितलं नाही.

मग बाईंचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, किलो-सव्वा किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि ते गाठोडं तर मुळीच नाही. मी उचलतो म्हणालो, पण माझी शाळा होती आणि बाईंचं फिरणं आठवड्यात चार दिवसांचं. दीड महिना बाई घरी बसून होत्या. फोन यायचे, त्या 'पाहू, पाहू' म्हणायच्या. एकदा मी गेलो तर ओसरीवर बसून तूर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाप लोक थांबत नाहीत रे. मी नाही गेली तं ते मोबाइलवरच पोरगं पाहून घेतात, अन् जमवून टाकतात."

"मग चांगलंच आहे की. लग्नं तर जमतात."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गातल्या मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते मात्र कळलं नाही.

मला संगणकातलं कळतं असा गावात समज होता, कारण शाळेची ऑनलाइन माहिती मी भरायचो. खरं म्हणजे मला कळत काही नव्हतं, फक्त भीती वाटत नव्हती. नवा लॅपटॉप घ्यायचा ठरल्यावर मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक जण सांगे आठ जीबी पुरे, दुसरा सांगे सोळाच्या खाली घ्याल तर रडाल. एक म्हणे हाच घ्या, दुसरा म्हणे हा घेऊन मी पस्तावलो. सोमवारी मला जेवढं समजत होतं, तेवढंही शनिवारी समजेनासं झालं. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली. वजनाला हलके आणि झाकण पार मागे फिरणारे लॅपटॉप निघाले होते. उलटे करून तंबूसारखे उभे करा, नाही तर पुरते दुमडून पाटीसारखे हातात घ्या. कोणी धरायला नको, काही नको. हा तर बाईंसाठीच काढलाय, असं मला वाटलं आणि माझाच मला अभिमान वाटला.

यवतमाळला निघालो तेव्हा बाईंच्या पिशवीत सव्वा किलो तुरीची डाळ होती. मला वाटलं कोणाला द्यायची असेल. दुकानात गेल्यावर त्यांनी एका हातात डाळीची पिशवी घेतली, दुसऱ्या हातात लॅपटॉप मागितला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हा डाळीहून जड हाय." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. दोन दुकानं अशी डाळीनं नापास केली. तिसऱ्या दुकानात मात्र राखाडी रंगाचा एक सडपातळ लॅपटॉप डाळीशी तंतोतंत जुळला.

दुकानदार हौशी होता. त्यानं झाकण गरकन मागे फिरवलं, तंबू केला, पाटी केली, बोटानं फोटो सरकवून दाखवले. बाईंनी सगळं पाहून घेतलं. मग लॅपटॉप सरळ उघडला, झाकण अर्धवट आणलं आणि हात सोडला. झाकण होतं तिथंच राहिलं. बाईंनी पुन्हा सोडलं. पुन्हा राहिलं.

"हा पडत काहून नाही?"

"कधीच पडणार नाही, मॅडम! एकदम टाइट बिजागरी. कितीही वेळा उघडा."

"अन् बंद पडाले किती वेळ लागते?"

"बंदच पडत नाही, मॅडम. चार्ज केला की दिवसभर टेन्शन नाही."

"दिवसभर?" बाई म्हणाल्या, पण एखाद्या घरी कोणी आजारी आहे असं कळल्यावर विचारावं तशा सुरात.

"फोटो तिरपा धरला तं?"

"आपोआप सरळ होते, मॅडम. कसाही धरा." त्यानं उलटसुलट करून दाखवलं. फोटो दर वेळी उठून उभा राहिला.

बाईंचा चेहरा उतरला. दुकानदाराला वाटलं, किमतीमुळे. मला काय वाटावं तेच कळेना. बाहेर येऊन आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं बेस हाय रे. पण माह्याकडच्या कामाचा नाही तो."

"का पण?"

"पडत नाही."

मी हसलो. मला वाटलं, थकल्या. मग मी शिक्षकाच्या सुरात त्यांना खांदा समजावला, डॉक्टर समजावले, थांबलेल्या मुली समजावल्या. ओरखडा नसेल तर सात दिवसांत परत घेतो, असं दुकानदार म्हणाला होता, तेही समजावलं. बाईंनी उसाचा रस अर्धा ठेवला. म्हणाल्या, "चाल मग. सात दिवस पाहू."

चौथ्या दिवशी आम्ही राजूरला गेलो. मुलीचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. मुलगी फार्मसी शिकून वणीत औषधाच्या दुकानात बसायची. वडिलांच्या एका जुन्या मित्राचा मुलगा होता, त्याचीच माहिती घेऊन या, असं त्यांनी बाईंना फोनवर सांगितलं होतं. बाईंनी आणखी दोन मुलांच्या फायली सोबत घेतल्या होत्या, पण वडिलांचा कल दारातच कळला. काकाही मुद्दाम बोलावून घेतलेले होते.

चटई टाकायचं बाई बोलेपर्यंत मी माझा तंबू टीपॉयवर उभा केलासुद्धा. तोंड वडील आणि काकांकडे. फोटो झकास दिसत होता. वडील मागे रेलून बसले. "वा! हे बरं हाय. धराचं काम नाही, वाकाचं काम नाही."

"चेहरा मोठा दिसते," काका म्हणाले.

मुलगी चहा ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून तिला लॅपटॉपची फक्त पाठ दिसत होती. बाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मला वाटलं, खूश झाल्या.

"मग बाई, त्याईले कळवून टाकाचं का?" वडील म्हणाले.

"पोरीले पाहू द्या."

"ते तं इथंच हाय. मी का तिचं वाईट करीन?"

बाई उठल्या. दुखऱ्या हातानं लॅपटॉप उचलला, सरळ केला, मुलीला टीपॉयशेजारी खाली बसवलं आणि तिच्या हातात दिला. "धर माय. दोन्ही हातानं धर."

मुलीनं फोटो पाहिला. मग तिनं झाकणावरचा हात हळूच काढून घेतला. झाकण उभंच. तिनं ते बोटानं ढकललं. ते मागे गेलं आणि थांबलं. आणखी ढकललं, तर पार मागे जाऊन पाठीला पाठ लागली आणि लॅपटॉपची पाटी झाली. मुलगा होता तिथंच होता. तिनं पाटी आडवी केली, मुलगा सरळ झाला. उलटी केली, मुलगा पुन्हा सरळ झाला. आणि मी, माझ्या तोंडाला तेव्हाच कुलूप का लागलं नाही कोण जाणे, कौतुकानं म्हणालो, "ताई, कसाही धरा, तो आपोआप सरळ होतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही, आणि पुढे कोणी पाहू नये. बाईंच्या मुठीत पदराचा बोळा झाला होता. मुलीचे ते दोन हात आणि ती मूठ मी एकदम पाहिली, आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं ते मला त्या क्षणी दिसलं. वडील काकांना तारखेचं काहीतरी विचारत होते.

मुलगी उठून उभी राहिली. छातीएवढ्या उंचीवर लॅपटॉप धरला आणि दोन्ही हात उघडले. निसटला वगैरे नाही. उघडले.

फरशीवर असा आवाज झाला की शेजारची बाई धावत आली. वडील ओरडायला उठले, पण बाई त्यांच्याही वर ओरडल्या, "आग लागो या नव्या वस्तूईले! साबणासारखा गुळगुळीत केला मेल्याईनं! धरावं तरी कसं माणसानं?" मग मुलीकडे वळून, "तुले लागलं नाही ना पायाले?"

मुलीनं मान हलवली. वडिलांचा राग आला तसा विरला, त्याची जागा शरमेनं घेतली. "माफ करा, बाई. नवीन होता तुमचा." ते स्वतः खाली बसून लॅपटॉप चाचपू लागले. पडदा काळा झाला होता. उजव्या कोपऱ्याला तडा गेला होता.

"आता फोटो नाही, माहिती नाही," बाई म्हणाल्या. "दुरुस्त होईपर्यंत थांबा. तोवर मी आखीन दोन-चार पोरं पाहून ठेवतो. घाई कायची हाय?"

"नाही, नाही, घाई कायची?" वडील म्हणाले.

परतीच्या बसनं मारेगाव सोडलं. मग मी म्हणालो, "बाई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू पुरुष माणूस. तुले सांगतलं असतं तं तू कोण्या बापाजवळ तरी बोलला असता."

हे खरं होतं. मी बोललो असतो.

"आपल्याकडं पत्रिका पाहत नाहीत," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "नाहीच पाहाची, चांगलंच हाय ते. पण ज्याईच्यात पाहतात, त्याईले नाही म्हणाचं असलं तं गुण जुळत नाहीत म्हणतात अन् सुटतात. आपल्या पोरीनं कायचं नाव सांगाचं? तिनं नाही म्हटलं का सगळे तिच्याच अंगावर. काहून नाही? काय कमी हाय त्याच्यात? कोणी दुसरा हाय का मनात? मशीन पडली तं काहून पडली, असं कोणी विचारत नाही."

"तुम्ही बिजागरी मुद्दाम तोडली होती?"

"नाही रे बाप्पा. खरंच बसमधून पडलता. त्याच दिवशी एका घरी गेलती. पोरीले म्हटलं धर. तिनं तीनदा पाडला. मी चिडली तिच्यावर. मग तिचं तोंड पाह्यलं." पदर सारखा करून म्हणाल्या, "मास्तरीण होती मी एवढी वर्षं. पण पोरगी नाही म्हणते कशी, ते त्या दिवशी शिकली."

घरी आलो तेव्हा बायको वांगी चिरत होती. मी घडलेलं सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या बायाईले माहीत हाय. माह्या मावसबहिणीनं सांगतलं होतं मले."

मी जरा वेळ तिथंच घोटाळलो. विचारावं की नाही, कळेना. शेवटी विचारलंच.

"तुमच्या अगोदरचे दोघं पाडले मी," ती म्हणाली. "तुमचा आला तवा बाबा अन् मामा मागं उभे राहून बोलतच होते, बोलतच होते. पगार किती, शेती किती, घर कोणाच्या नावावर. मी धरून होती. हात भरून आले होते माहे." आणि तिनं पुढचं वांगं उचललं.

माझी नोकरी पाहून माझं लग्न जमलं, असं मी दहा वर्षं समजत होतो. मला इतका आनंद झाला, आणि इतका वेळ तिला तिष्ठत ठेवल्याची इतकी लाज वाटली, की मी उगाचच बादली उचलून पाणी भरायला गेलो. बादली भरलेलीच होती.

लॅपटॉप घेऊन आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं कपाळावर हात मारून घेतला. उघडून आतली कुठली तरी पट्टी त्यानं परत बसवली, आणि पडदा उजळला. फक्त उजव्या कोपऱ्यात, तड्यावर बोट दाबलं की सगळं काळं व्हायचं. बंद करून पुन्हा चालू करावं तेव्हाच यायचं, आणि कधी कधी दुसऱ्या खेपेला.

"पडदा बदलून देतो, मॅडम. दोन दिवस ठेवा इथं."

बाईंनी तड्यावर अंगठा ठेवून पाहिला. काळं झालं. चालू करायला लावून पुन्हा ठेवला. पुन्हा काळं झालं. असं चार वेळा केलं. दीड महिन्यात पहिल्यांदा मी त्यांना खुदकन हसताना पाहिलं.

"नोको," त्या म्हणाल्या. "याले हात लावाचा नाही कोणी."

दुकानदार मदतीच्या आशेनं माझ्याकडे वळला. मीही नको म्हणालो.

पुढच्याच रविवारी राळेगावच्या बाजूला एका घरी गेलो. या वेळी मी तंबूबिंबूच्या भानगडीत पडलो नाही. चटई मीच टाकून घेतली. मुलगी येऊन बसली, बाप आणि दोन मामा मागे उभे राहिले. बाईंनी लॅपटॉप दुमडून पाटी केली, तिच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "धर माय. पण या उजव्या कोपऱ्याले अंगठा लागू देऊ नको बरं. लागला का फोटो जाते, मग लवकर येत नाही."

मुलीनं कोपऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हो जी," म्हणाली आणि पाटी दोन्ही हातांत नीट धरली.